गुरुवारी पडणारी भिंत

सोमवार, ९ सप्टेंबर

आज वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी गवंडी झाले. म्हणजे अजून झाले नाही, पण कॉलेजने हातात थापी दिली, लोखंडी टोकाचे बूट दिले आणि "लोरेन कोकली, वीटकाम" असा बिल्ला गळ्यात अडकवला. येताना बसमध्ये तो मी कोटाच्या आत दडवला.

मला हवं होतं ऑफिसातलं कंप्युटरचं काम. रोजगार कचेरीतली मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली, "ते भरलंय. विटांमध्ये जागा आहे." नाटकाच्या तिकीटखिडकीवर बोलतात तशी. मला वाटलं, थट्टा करतेय. मग कळलं की नाही म्हटलं तर बेकारभत्ता बंद. मी हो म्हटलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

त्याच कचेरीने नेमकं आज सकाळी भत्त्याच्या सहीला बोलावलं, म्हणून पहिल्याच दिवशी कॉलेजात उशीर. आमचा मास्तर क्लाइव्ह टॅम्स माझ्याच वयाचा आहे, भुवयांवर कायम धूळ. मी पोचले तेव्हा त्याचं सुरुवातीचं भाषण संपून सगळे बुटांच्या नाड्या बांधत होते.

"माझं काही बुडलं का?" मी विचारलं.

"बडबड बुडली," तो म्हणाला. "बाकी हात शिकतील."

दुपारी कँटीनमध्ये चहा घेतला. आमच्याकडचं कुणीही करतं तेच केलं, कप रिकामा झाल्यावर उलटा करून बुडाचा शिक्का बघितला. परदेशी निघाला. सगळं गाव कपबशांच्या मातीवर जगलं आणि कॉलेजात परदेशी कप. मला इतका धक्का बसला की शेजारची मुलगी म्हणाली, "काय झालं, माशी निघाली का?"

अठ्ठावीस वर्षं मी इथल्या कपबशांच्या कारखान्यात कपांना कान लावले. ग्रॅहम, माझा नवरा, त्याच कारखान्यात खळ ढवळायचा, ती चिकणमातीची पातळ खळ, जिच्या जोरावर माझे कान कपाला धरून राहायचे. फेब्रुवारीत कारखान्याला टाळं लागलं. तेव्हापासून मी वणवण करतेय आणि ग्रॅहम कोचावर आहे. आज त्याला बिल्ला दाखवला. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला, बिल्ला वाचला आणि आवाज परत वाढवला.

बुधवार, ११ सप्टेंबर

मला हे जमतंय. कुणाला सांगू, असं झालंय.

विटा जोडायचा माल थापीवर घ्यायचा, पसरायचा, वीट बसवायची, वरून हलकं ठोकायचं. बाकीच्यांची वीट डुगडुगते. माझी बसते. ओल्या मातीवर बोट किती दाबायचं हे माझ्या हाताला अठ्ठावीस वर्षं माहीत आहे, फक्त कपाच्या जागी वीट आली. क्लाइव्ह मागे येऊन उभा राहिला. "आधी कुठे केलंय हे?" मी म्हटलं, "कधीच नाही, मी कान लावायचे." तो हसला नाही, मान हलवून पुढे गेला.

माशी विचारणाऱ्या मुलीचं नाव शॅनन. चोवीस वर्षांची, आधी गोदामात खोकी भरायची. तोंडात शिव्या अशा की खलाशानेही कानात बोटं घालावीत. आम्ही दोघीच बाया, म्हणून क्लाइव्हने जोडी लावून दिली.

गुरुवार, १२ सप्टेंबर

अजून राग गेला नाही, म्हणून अक्षर असं.

माझी भिंत आज पुरी झाली. सांधे एकसारखे, कोपरा काटकोनात. मी एक पाऊल मागे होऊन बघितली आणि वाटलं, चला, मी या जगात काहीतरी उभं केलं. क्लाइव्हने पाणसळ लावली, पट्टी लावली, म्हणाला, "उत्तम." आणि पाय उचलून तिला लाथ घातली.

सगळी भिंत आडवी. मी किंचाळले. मेल्या, मुडद्या, काय काय बोलले ते आठवत नाही. सगळं वर्कशॉप हसायला लागलं. शॅननने खांद्यावर हात ठेवला. "अगं लोरेन, दर गुरुवारी पडते, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलंय. सोमवारी याच विटांची परत. तुझी काय संग्रहालयात ठेवायची होती?"

मग आम्ही विटा साफ केल्या. थापी एकदा फिरवली की माल सुटून येत होता. तो खरवडून परत ढिगात टाकला. त्यात पाणी घातलं की पुन्हा लोण्यासारखा होतो. काटकसर बघून तेवढंच बरं वाटलं.

घरी येऊन ग्रॅहमला सांगितलं. वाटलं, लाथेबद्दल काही बोलेल. तर तो विचारतो, "तोच माल परत वापरतात? घट्ट होत नाही?"

"नाही. चांगल्या प्रतीचा असणार," मी म्हटलं. माझी भिंत पडली आणि याला मालाची पडलीय.

सोमवार, २३ सप्टेंबर

शेजारच्या डोरीन ब्लोरची पुढची भिंत उन्हाळ्यात कचऱ्याच्या गाडीने मागे येताना पाडली. नुकसानभरपाईची टोलवाटोलवी अजून चालू आहे आणि विटा तिच्या बागेत रचून पडल्यात. डोरीन पंच्याऐंशीची. तिने उभा जन्म बशांवर गुलाब रंगवले. नजर गेली, पण जीभ शाबूत आहे.

"भिंतीची मला गरज नाही गं," आज ती म्हणाली. "पण समोरच बसथांबा. शाळेची पोरं माझ्या भिंतीवर बसायची आणि मी खिडकीतून त्यांच्यावर खेकसायची. आता कुणावर खेकसू?"

माझ्या डोक्यात तेव्हाच आलं. विटा आहेत, पाया आहे, हात आहेत. उरला माल. क्लाइव्हला विचारलं, घरी सरावाला थोडा नेऊ का. "ने की, हवा तेवढा," तो म्हणाला. डोरीनच्या भिंतीचं त्याला सांगितलं नाही. पुरी झाली की एकदम दाखवीन.

शनिवार, २८ सप्टेंबर

आठवडाभर माझ्या चाकांच्या बाजारपिशवीतून बादल्या बसने आणतेय. ड्रायव्हर विचारतो, "बटाटे का?" मी म्हणते, "घर."

या मालाची मला फार सोय वाटते. रात्रभर झाकून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी तसाच मऊ.

आज ग्रॅहम चक्क कोचावरून उठून मागच्या अंगणात आला. बादलीत दोन बोटं घातली, चोळली, नाकाशी धरली. "लोरेन, याला धर नाही."

मला असा राग आला. सात महिने माणूस हलला नाही आणि हलला तो मला शहाणपण शिकवायला. म्हटलं, "कॉलेजने दिलाय तो. मास्तर तीस वर्षं भिंती बांधतोय. सल्ले त्या कोचाला दे, त्याला तुझी सवय आहे."

तो बोटं पँटला पुसून आत गेला. लागलं असेल. लागू दे.

शनिवार, ५ ऑक्टोबर

झाली. मांडीएवढी उंच, फाटकापासून कोपऱ्यापर्यंत, वरून आडव्या विटांची कड. ओठ चावून हसू दाबत होते, पण दबेना.

सगळी गल्ली बघून गेली. चिप्सवाला दुकान उघडं टाकून आला. डोरीनने हाताने चाचपून बघितली, सांध्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, "पोरी, हे माझ्या गुलाबांपेक्षा सरळ आहे." ग्रॅहमही आला. भिंतीला तळहात लावला आणि बराच वेळ काढला नाही. मी वाट बघितली. "छान दिसते," एवढंच म्हणाला.

माझी पहिली भिंत, जी गुरुवारी पडणार नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

ग्रॅहम घराबाहेर पडला. देवाचे आभार मानावेत की डोकं फोडून घ्यावं, कळत नाही. स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून तो डोरीनच्या भिंतीपाशी फुटपाथवर जाऊन बसतो. शाळेच्या वेळी सकाळी आणि दुपारी. हातात पेपर, पण वाचत नाही. पोरं भिंतीवर टेकायला आली की हाकलतो. "उठा, तिकडे थांब्यावर बसा. बाक कशाला दिलाय?"

मी भिंत बांधली ती पोरांनी बसावं म्हणून. आता लोक म्हणतायत, कोकलीबाईने नवऱ्याला राखणदार ठेवलंय. चिप्सवाल्याने विचारलं, "भाडं घेणार का बसायचं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्रॅहमला म्हटलं, "आत बसून नाव घालवत होतास ते पुरेसं होतं." तो म्हणाला, "उन्हात बरं वाटतं." ऑक्टोबरात. स्टॅफर्डशरमध्ये, जिथे तेव्हा ऊन शोधावं लागतं.

शिवाय इस्त्रीचं घडीचं टेबल सापडत नाही. एवढं लांबलचक टेबल घरातून जातं कुठे? ग्रॅहम म्हणतो, मला काय माहीत.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

बसून लिहितेय, कारण उभी राहिले तर नाचेन.

रॉय मेचिन, वरच्या अंगाला नवी घरं बांधतोय तो बिल्डर, आज गल्लीतून जाताना गाडी थांबवून उतरला. भिंत बघितली, वाकून एका डोळ्याने कडेवरून नजर टाकली. "ही कुणी बांधली?"

"मी," म्हटलं.

माझ्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं, परत भिंतीकडे. "तुम्ही? कुठे शिकलात?"

"कॉलेजात. अजून दोन आठवडे राहिलेत."

"सांधे बघून वाटलं, कुणी जुना गवंडी असेल." खिशातून कार्ड काढलं. "अठ्ठावीसला या माझ्याकडे. दोन आठवडे बघू, जमलं तर कायम."

नोकरी. एक्कावन्नाव्या वर्षी, कपांना कान लावणाऱ्या बाईला, रस्त्यात. मेचिन भिंतीला हात लावायला पुढे झाला तर ग्रॅहम मध्येच उठून त्याचा हातच हातात घेऊन हलवायला लागला. "मी नवरा, मी नवरा," म्हणत. लाज आणली.

घरात आल्यावर ग्रॅहम पांढराफटक होता. "लोरेन, जरा बोलायचं होतं."

"उद्या बोल," म्हटलं. "आज मला कुणीही काही बोलायचं नाही." आणि चीज घातलेली ओटची धिरडी करायला घेतली. तो दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. 

बुधवार, १६ ऑक्टोबर

कसं लिहू.

क्लाइव्हने आज एक राखाडी पोतं आणून टेबलावर आदळलं. "चला, आजपासून खरा माल. सिमेंट."

मी विचारलं, "मग आजवरचा?"

"चुना आणि वाळू." तो पोतं फाडत होता. "सिमेंट घातलं असतं तर विटा परत कशा निघाल्या असत्या? पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं का, हा फक्त शिकायचा माल. बाहेर याने उंदराचं घरही बांधू नका."

पहिला दिवस. बडबड बुडली.

 मी टेबल धरलं. शॅनन म्हणाली, "काय गं? नाहीतर क्लाइव्हच्या त्या काटकुळ्या पायाने भिंती पडल्या असत्या का?" सगळे हसले. मी कोट उचलला आणि निघाले. बूटही बदलले नाहीत.

बस शाळा सुटायच्या वेळी गल्लीत शिरली. खिडकीतून दिसलं, थांब्यावर पोरांचा घोळका आणि ग्रॅहम भिंतीकडे पाठ करून, हात पसरून उभा. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आडमुठेपणाचं मला बरं वाटलं.

पोरं गेल्यावर भिंतीवर तळहात ठेवून दाबला. हलली. अगदी थोडी, पण दात हलतो तशी.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

कॉलेजला गेले नाही. पोटात दुखतंय सांगितलं.

जे मनात आलं ते लिहून टाकते. हे कुणालाही माहीत नाही. डोरीनला दिसत नाही. ग्रॅहम बादलीपाशी एकदा बोलला होता, पण ते तो केव्हाच विसरला, आता त्याच्या नादात बसतो. अठ्ठावीसला एकदा कामाला लागले, दोन आठवडे गेले, नोकरी पक्की झाली, की एखाद्या रविवारी भिंत उतरवीन. म्हणेन, सांध्यांचा रंग बदलायचाय, काहीही म्हणेन. तोवर टिकेल. इतके दिवस टिकलीय. आता उतरवली तर मेचिन रोज इथून जातो, त्याला दिसणार, आणि कुठला बिल्डर असल्या गवंड्याला दारात उभा करील?

लिहिल्यावर वाचलं. हे मीच लिहिलंय यावर विश्वास बसत नाही.

दुपारी ग्रॅहमजवळून गेले. "बरं वाटतं का आता?" त्याने विचारलं. असं काही विचारून त्याला महिने झाले होते. "हो," म्हटलं आणि पुढे गेले.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

दुपारी ग्रॅहम दोन मिनिटं आत आला, मोरीवर. मी खिडकीत होते. एक सातआठ वर्षांची मुलगी पाठीवर दप्तर घेऊन आली आणि मागे उडी मारून भिंतीवर बसली. वरच्या कडेची वीट उचकटलेली मला इथून दिसली. मुलगी पाय हलवत होती आणि प्रत्येक झोक्याला वीट हलत होती.

मी एक सपात पायात, एक हातात अशी धावले. तिला खांद्याला धरून उतरवलं. ती घाबरून रडायला लागली, तिची आई थांब्यावरून ओरडत आली, "पोरीला हात का लावलात?" मी तिची माफी मागितली.

उद्या उतरवते. मेचिनचं जे व्हायचं ते होवो.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळी हातोडी घेऊन गेले. हातोडी लागलीच नाही. विटा हाताने सुटून येत होत्या, ताटातली भाकरी उचलावी तशा. चिप्सवाला दारात आला. समोरच्या बायका आल्या. कुणीतरी विचारलं, "अगं, पाडतेस का? इतकी छान होती." मी म्हटलं, "कच्ची आहे. शिकायच्या मालाची आहे. माझी चूक." तीन वाक्यं बोलले आणि पुढची वीट उचलली.

दोन थर उतरवले आणि आत वाकून बघितलं तर डोरीनच्या हायड्रेंजियाच्या झुडपांत काहीतरी निळं. फुलाफुलांचं कापड. माझ्या इस्त्रीच्या टेबलाचं.

ते टेबल भिंतीला आतून टेकू म्हणून लावलं होतं. पाय डोरीनच्या पायरीला अडकवलेले, पायाखाली पाचर आणि वरून झुडपाच्या फांद्या ओढून झाकलेलं. मी तशीच बसले मातीत. डोक्यात काही शिरेना. मग सगळं एकदम शिरलं. खुर्ची, पेपर, हाकललेली पोरं, मेचिनचा धरलेला हात.

डोरीनने खिडकी उघडली. "सापडलं वाटतं. मी त्याला म्हटलं होतं, नीट लाकूड आण. तर म्हणतो, घरातून तिच्या नकळत निघण्यासारखं एवढंच आहे, ती हल्ली बुटांत असते, बुटांना इस्त्री लागत नाही."

ग्रॅहम खुर्चीवरून उठून उभा होता.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"बादलीत बोट घातलं तेव्हाच. आयुष्यभर खळ ढवळली, लोरेन. धरणारी कुठली आणि न धरणारी कुठली, एवढं तरी कळतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो. तू म्हणालीस, कोचाला सांग."

"त्यानंतर?"

तो बुटाकडे बघत होता. "त्यानंतर तू हसायला लागलीस. फेब्रुवारीपासून हसली नव्हतीस. म्हटलं, बसून राहीन तिथे. बसायची मला सवय आहेच."

मी रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, भोकाड पसरून रडले. या माणसाला मी काय काय बोलले आणि तो फुटपाथवर बसून माझी भिंत धरत होता.

मग आत जाऊन मेचिनला फोन लावला. सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "चुन्याच्या मालावर? बसथांब्यासमोर?"

"हो."

"बघू," म्हणाला आणि ठेवला. बघू म्हणजे काय ते मला कळतं.

रविवार, २० ऑक्टोबर

ग्रॅहमने माल कालवला. मी फक्त सिमेंट आणि वाळूचं माप सांगितलं. बाकी त्याने फावड्याच्या आवाजावरून ठरवलं. पाणी घालताना जीभ बाहेर काढून थेंब थेंब सोडत होता, जसा कारखान्यात सोडायचा. बोटं घालायला गेला तर मी ओरडले, हे कातडी जाळतं, हातमोजे घाल. कॉलेजात शिकलेलं काहीतरी मलाही सांगता आलं.

 मी म्हणायचे "माल," तो आणून द्यायचा. डोरीन खिडकीतून विचारत होती, "आता तरी धरेल ना?" ग्रॅहम म्हणाला, "डोरीन, आता ती काढायची तर गाडी आणावी लागेल. कचऱ्याची."

तो विनोद होता. फेब्रुवारीनंतरचा पहिला.

सोमवार, २१ ऑक्टोबर

क्लाइव्हला सांगितलं. तो पांढरा पडला आणि उलट्या बादलीवर बसला. "मी तुला परत सांगायला हवं होतं," तीन वेळा म्हणाला. मला राग धरायचा होता पण धरवेना. दुपारी त्याने ढवळायच्या यंत्रावर लाल रंगात हातभर अक्षरं रंगवली: यात सिमेंट नाही. शॅनन म्हणाली, "लोरेन, तुझं स्मारक झालं. लोकांचं मेल्यावर होतं."

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

कॉलेज संपलं. प्रमाणपत्र मिळालं. शॅननला कुठेतरी फरसबंदीच्या कामावर घेतलंय, ती मला मिठी मारून अशा शिव्या देत रडली की तिथली ऑफिसातली बाई बाहेर बघायला आली.

मला अठ्ठावीसचं काही कळलं नव्हतं. बसमधून उतरले तर डोरीनच्या घरासमोर मेचिनची गाडी. तो भिंतीपुढे उभा, ग्रॅहम खुर्चीवर. 

 मेचिनने कडेवरची वीट हलवून बघितली. सांध्यात किल्ली खुपसून बघितली. मग दोन पावलं मागे गेला आणि क्लाइव्हसारखी, अगदी तशीच, सणसणीत लाथ घातली.

मी डोळे मिटले. आवाज आला तो मेचिनचा. अंगठा धरून एका पायावर नाचत होता. भिंत होती तिथे होती.

"सोमवारी साडेसातला ये," तो लंगडत गाडीकडे जाताना म्हणाला. "आणि पुढच्या वेळी काही माहीत नसलं तर विचार. कुणालाही विचार."

सोमवार, २८ ऑक्टोबर

नव्या घरांच्या ओळीतल्या तिसऱ्या घराची मागची भिंत. दिवसभर कुणी माझ्याशी गोड बोललं नाही आणि कुणी वाईटही बोललं नाही. माल मागितला की आला. दर वेळी मी थापीने उचलून बघत होते आणि कालवणारा माणूस म्हणाला, "बाई, सिमेंट आहे. शपथ." म्हणजे सगळ्यांना माहीत झालंय.

चार वाजता सगळे थाप्या धुवायला लागले. मी भिंतीपाशीच उभी. मेचिन आला. "काय राहिलं?"

"काही नाही."

"मग?"

खरं म्हणजे मी लाथेची वाट बघत होते. अंगाला सवय झालीय, काम संपलं की पडायचं. तेवढ्यात दोन माणसं गोणपाट घेऊन आली. रात्री थंडी पडणार होती म्हणून त्यांनी माझ्या भिंतीवर गोणपाट पांघरलं, वर प्लास्टिक घातलं आणि कडा विटांखाली खोचल्या. मी आ वासून बघत राहिले. उद्या सकाळी ती तिथेच असेल. त्या घरात कुणीतरी राहायला येईल आणि त्यांना माझं नावही माहीत नसेल.

"घरी जा," मेचिन म्हणाला.

गल्लीत आले तर डोरीनच्या भिंतीवर पोरांची रांग, आणि खिडकीतून डोरीन त्यांच्यावर मनापासून खेकसत होती. ग्रॅहम खुर्ची उचलून आत नेत होता. मी त्याच्यासाठी दार धरलं. त्याने खुर्ची टेबलाशी लावली, पण बसला नाही.

"त्या कॉलेजात," तो म्हणाला, "पहिल्या दिवशी किती वाजता जायचं असतं?"

मी अंगातला कोट काढत होते, ती तशीच थांबले.

"नऊला," मी म्हणाले. "पण तू आठला जा."